कापलेल्या फितीचा शेजार

काकांनी आत आल्या आल्या दाराला आतून कडी घातली. "बाहेरचा आवाज नको," म्हणाले. स्टुडिओत ही खबरदारी ठीक आहे, पण माझ्या खोलीत गाणं रेकॉर्ड होत नाही. मी जुन्या टेप दुरुस्त करून त्यांवरचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेते. बाहेर जिन्यात कुणी ढोल बडवला तरी माझं काही बिघडत नाही. हे मी त्यांना सांगणार होते, पण आमच्या घरात काकांना कुणी शिकवत नाही.

कारण काका म्हणजे देवमाणूस. माझी मावशी एकोणीस वर्षांची असताना त्यांच्या स्टुडिओत गायला जायची. तिथे एके दिवशी ताप भरला, घसा सुजला आणि आवाज गेला तो गेलाच. आवाज गेलेल्या त्या पोरीशी काकांनी लग्न केलं. आजी मरेपर्यंत जावयाचे गोडवे गात होती. मावशी तेव्हापासून कुजबुजते. खरखरीत, तुटक. मी जन्मापासून तिचा तेवढाच आवाज ऐकत आले आहे.

आणि हिला म्हणे घरी 'भोंगा' म्हणायचे! लहानपणी ती रडायला लागली की कारखाना सुटला समजून शेजारी घड्याळं लावून घेत. मोठी झाल्यावर ती सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, गायला लागली. ते बेंबीच्या देठापासून गायचं गाणं, तिथे भोंग्याचं चीज व्हायला हवं होतं. तिच्या दोन छोट्या तबकड्या निघाल्या. लोक त्यांवर नाचले, लेबलावरचं नाव कुणी वाचलं नाही. आता पन्नास वर्षांनी एका कंपनीला जाग आली होती आणि तिला मावशीची सुरुवातीची सगळी रेकॉर्डिंग हवी होती. काकांनी माळ्यावरचा चार रिळांचा डबा काढून माझ्याकडे पाठवला. घरचीच पोरगी असताना बाहेर कशाला जा.

"फक्त गाणी घे," काकांनी सोफ्यावर बसत बजावलं. "मधलं काही नको."

मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिने पर्स मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

इतकी जुनी फीत दमट हवेने चिकट होते, म्हणून मी चारही रिळं आदल्या दिवशी ओव्हनच्या मंद उबेत शेकून ठेवली होती. पहिलं रीळ लावलं आणि एकोणीस वर्षांची मावशी गायला लागली. काय सांगू! इतका मोठा आवाज या एवढ्याशा बाईत होता आणि तो आम्हा पोरांना कुणाला माहीत नव्हता, याचा मला रागच आला. मावशीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. काका गुडघ्यावर ताल धरून बसले होते.

तीन रिळं सुरळीत उतरली. चौथ्याला मधेच एक जोड होता. जुन्या जोडांवरची चिकटपट्टी पिवळी पडते, कडांना सुटते. ही पांढरीशुभ्र होती.

"काका, हा जोड नवा दिसतोय."

"कोरी फीत होती मधे. उगाच लांबण. पाठवण्याआधी काढून टाकली." त्यांनी बोटं माझ्यासमोर धरली. "हात बघ. अजून थरथरत नाही."

हात खरंच थरथरत नव्हता. काप तिरका, दोन्ही बाजूंना थोडी थोडी शांतता ठेवलेली, अगदी बेमालूम. पण माळ्यावर पन्नास वर्षं पडलेली कोरी फीत कापायला आत्ताच कोण बसतं?

मी स्पीकर बंद केला, हेडफोन घातले आणि रीळ सोडलं.

रिळावर फीत वेढ्यावर वेढा घालून बसलेली असते. वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. गाणं चालू असताना तो कळत नाही, शांततेत कळतो. काकांनी मधला तुकडा काढला होता, पण त्याच्या अलीकडचा नि पलीकडचा एकेक वेढा रिळावरच राहिला होता, आणि त्यांवर त्या तुकड्याची दोन्ही टोकं उमटलेली असणार. एका वेढ्यात मावतात जेमतेम चार सेकंद. सुरी धरणारा हात कितीही सफाईचा असो, माणूस शेजार विसरतो.

मी ती शांतता कॉम्प्युटरवर घेतली आणि आवाज चढवला.

जोडाच्या अलीकडे आधी एक खटका ऐकू आला. कडी. मग मावशीचा तो मोठा आवाज, फार लांबून आल्यासारखा: "साहेब, दार उघडा. मला घरी जायचंय."

जोडाच्या पलीकडे पुन्हा चार सेकंद. कुणीतरी धापा टाकत होतं. मग: "गाते. गाते, साहेब."

हा आवाज मला ओळखीचा होता. खरखरीत, तुटक. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला फोनवर येतो तोच.

कसला ताप नि कसलं काय. मधल्या तुकड्यात काय होतं ते काकांच्या कचऱ्याच्या डब्यात गेलं, पण त्याआधीचा आणि नंतरचा आवाज माझ्यासमोर होता. ज्यांना आम्ही प्रत्येक लग्नात पुढच्या ओळीत बसवलं, ते माझ्या मागे तीन हातांवर बसले होते आणि दाराला त्यांनीच घातलेली कडी होती.

"काय झालं गं? का थांबलीस?"

"फीत घासतेय, काका. बघते."

"बघायचं काही नाही. तेवढं पुसून टाक आणि पुढे चल." ताल धरणं थांबलं होतं.

मी दुसरा हेडफोन मावशीला दिला. द्यावा की नाही याचा विचार केला नाही, आणि करायला हवा होता. तिला त्याच माणसाच्या गाडीत बसून घरी जायचं होतं. तिने हेडफोन लावला. मी ते आठ सेकंद ऐकवले. तिने बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा ऐकवले.

मागे सोफ्याची स्प्रिंग वाजली. काका उठले होते.

"काय ऐकतेस एवढं?" त्यांनी मावशीला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "चल. उशीर होतोय. रिळं घे गं काढून, मी नेतो बरोबर."

मावशीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या कानाशी वाकून कुजबुजली, "स्पीकरवर लाव. पण आधी दार उघड."

मी उठले. काका वाटेत उभे होते. "बस खाली," ते म्हणाले. मी त्यांच्या कडेने गेले, माझा खांदा त्यांच्या छातीला घासला. कडी काढली तेव्हा तोच खटका झाला. दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून आमच्याकडे बघायला लागला.

मी वळले तोवर मावशीने पर्स खाली ठेवली होती. स्पीकरचं बटण तिने स्वतःच दाबलं, आणि आवाज जाईल तिथवर चढवला.