दुवा काढा

माळीकामाच्या वर्गात पडद्यावर कलमाला गुंडाळलेली पट्टी होती. तिची गाठ नेमकी कुठे बसते ते दाखवायला बाईंनी बाण गाठीवर नेला आणि सवयीने कळ दाबली. गाठ नाहीशी झाली. पट्टी गेली, फांदी गेली, आणि भिंतभर एक हिरवं पान उघडलं. कुणाच्या तरी रोपवाटिकेचं. कुंड्यांच्या रांगा, खाली फोन नंबर.

"चला, बाई निघाल्या नर्सरीत!" मागच्या बाकावरचा माळी म्हणाला.

"आपण तरी कुठे मोठे? आपणही बालवाडीतच," शेजारची बोलली, आणि वर्ग खदखदून हसला.

बाईही थोडंसं हसल्या. पान मिटलं, पट्टी परत आणली. पुढच्या चित्रावर पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्यावरही. तीन वर्षं, दर मंगळवारी अकराच्या तासाला हे असंच चाललं होतं. बाई शिकल्या होत्या त्या झाडाला बोट लावून, आणि शिकवायच्याही तशाच. चित्रापाशी बोटाचं काम बाणाकडे आलं, पण बोट काही दाबायचं राहीना. हे झाड नव्हे, हे बोटाला सांगणार कोण?

ते पान बाईंच्या थोरल्या भावाचं होतं. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई गेली तेव्हा बाई पोचल्या त्या सगळं आटोपल्यावर. अंगणात, चपला काढायच्या आधीच त्या म्हणाल्या होत्या, "तू मला मुद्दाम उशिरा कळवलंस." भाऊ म्हणाला होता, "वेळेवर कळवलं तेव्हा तरी कधी आलीस?" दोन्ही वाक्यं थोडी थोडी खरी होती, म्हणून दोन्ही विसरता येईनात. नऊ वर्षांत मग तिसरं वाक्य झालं नाही. शिकवायला चित्रं हवी झाली तेव्हा मात्र बाईंनी गुपचूप त्याच्याच पानावरून उचलली. त्या चित्रांत भावाचे हात दिसत, आणि ते हात थेट आबांचे, त्यांच्या वडिलांचे होते. दुसऱ्या कुणाच्या हातांवरून त्यांना शिकवता आलं नसतं. एरवी बाई त्या पानाकडे फिरकत नसत. मंगळवारी तेवढं, नको असताना, वर्गाच्या देखत त्याच्या दारात पाच सेकंद उभं राहणं होई. घाईने दार लोटून त्या परत फिरत, आणि पुढचा सगळा तास त्यांचा आवाज जरा वरच्या पट्टीत लागे.

तास संपला तर मोठे सर दाराशी.

"बाई, वर्ग छान चालतो तुमचा. फक्त चालता चालता घराबाहेर जातो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात तपासणीची माणसं यायची आहेत. तेवढं बघून घ्या."

दुपारी बाई ग्रंथालयात गेल्या. ग्रंथपाल त्यांच्याच वयाची, तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ. तिने चष्मा कपाळावर चढवला, एका चित्रावर बाण नेला आणि हसली.

"चित्र उचललंस, तर त्याच्या मागोमाग त्याचा पत्ताही आलाय. सासरी आलेल्या मुलीबरोबर माहेरचं बोचकं यावं तसा."

"मग आता?"

"आता काय, बोचकं परत पाठवायचं. चित्रावर ये. उजवी कळ दाब. यादी आली? वाच."

बाईंनी वाचलं, "दुवा काढा."

"तेच."

"दुवा देतात, घेतात. काढतात कुठे?"

"आपल्या आज्या द्यायच्या, हे यंत्र काढतं. दाब आता, तत्त्वज्ञान नंतर."

एकतीस चित्रं होती. एकदम सगळ्यांचे दुवे काढायची युक्ती असते म्हणे, पण ती दोघींनाही येत नव्हती. बाईंनी एकेक काढला. गुलाबाचा खुंट, दुवा काढा. सालीला दिलेली चीर, दुवा काढा. त्या चिरेत बसवलेला डोळा, दुवा काढा. वाळलेली पानं खुडावीत तसा हात चालत राहिला.

"कुणाचं गं हे पान?" ग्रंथपालने मध्येच विचारलं. "सगळी चित्रं एकाच माणसाची दिसतात."

"आहे एक ओळखीतला."

"चांगला हात आहे."

"हो," बाई म्हणाल्या आणि शेवटच्या चित्रावरची कळ दाबली. चित्र जागचं हललं नाही. वरून तर काहीच बदललेलं दिसत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी बाण गाठीवर गेला, कळ दाबली गेली आणि गाठ गाठच राहिली. मागच्या बाकावरचा माळी तोंड उघडून तयार होता. त्याने ते मिटलं. बाईंनी आईची ओळ नेहमीसारखी म्हणून दाखवली,

बांध नको सैल बाई, बांध नको घट्ट फार
सालीला सालीचा, कळू दे गं आधार

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतली. तास दहा मिनिटं आधीच संपला. त्या उरलेल्या दहा मिनिटांत बाईंनी फळा पुसला, कोराच होता तरी पुसला. घरी येऊन एक कप चहा टाकला, खिडकीशी उभं राहून प्यायला, कप विसळून पालथा घातला. कान कशाची तरी वाट बघत होते, कशाची ते समजेना.

तपासणीची माणसं आली, माना डोलावून गेली. मोठे सर म्हणाले, "बघा, आता कसा वर्ग घरात बसतो!" बाई म्हणाल्या, "बसतो खरा." असे चार मंगळवार गेले.

पाचव्या मंगळवारी तास आटोपून त्या छपरीत सुऱ्या धूत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. नंबर साठवलेला नव्हता. पण शेवटचे आकडे पाहून त्यांनी आधी ओले हात एप्रनला पुसले, मग कोरडे झालेलेही पुन्हा पुसले.

"मी बोलतोय," भाऊ म्हणाला.

"हं."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. का रे?"

"नाही, म्हणजे... आजचा धरून पाच मंगळवार झाले, आली नाहीस."

"कुठे?"

"आता कुठे म्हणून विचार! पानावर. माझ्या पानावर कोण कधी येऊन गेलं ते मला दिसतं, ठके. माणसं येतात ती कुंड्यांचे भाव बघतात नि जातात. मंगळवारी सव्वाअकराला मात्र एक जण यायचं, दर चित्रापाशी पाच-पाच सेकंद. आणि आधी पट्टी बघायचं. अगं, दुनिया आधी खुंट बघते. आधी पट्टी बघणारी या जगात दोनच. एक मी, दुसरी तू. 'ज्याला बांधता येत नाही त्यानं कापू नये,' आबांचं ऐकून ऐकून कान किटले होते आपले."

बाईंनी हातातली सुरी पाण्यात सोडली. ती तळाशी टेकेपर्यंत पाहत राहिल्या.

"म्हटलं, राग आहे अजून, पण डोकावते," भाऊ म्हणाला. "डोकावू दे. म्हणून तर दर महिन्याला नवी चित्रं टाकत होतो. दिसलीच असतील तुला."

बोट चुकून दाबलं जायचं, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य खरंही होतं. बाईंनी श्वास घेतला.

"दिसली," त्या म्हणाल्या.

"लिंबाचं बघितलंस? शेवटचं?"

"बघितलं."

"कसं वाटलं?"

छपरीच्या पत्र्यावर एक पाखरू टकटक चालत गेलं. बाई म्हणाल्या, "पट्टी जरा सैल होती."

भाऊ इतका मोठ्याने हसला की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"होतीच! अगं, होतीच! म्हटलं, कुणाच्या लक्षात यायचं नाही. डोळे आहेत की काय आहे तुझे! मग आली का नाहीस महिनाभर? मला वाटलं, त्या पट्टीवरूनच बिघडलं काही. नाहीतर आजारी आहेस. शेजारीण तरी आहे का गं कुणी बघायला?"

"काम होतं जरा."

"असू दे, असू दे. मी काही बोलावलं नव्हतं." तो थोडा थांबला. "बोलवायला हवं होतं."

दोघांकडेही पाणी ठिबकत होतं. तो बहुधा रोपांना पाणी घालत असावा.

"चल, ठेवू मग?" तो म्हणाला. "तुझं काम खोळंबलं असेल."

फोन बंद करताना सगळेच म्हणतात ते 'ठेवते' बाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"येते, दादा," त्या म्हणाल्या.

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.