अठ्ठावीस इंच

बाळ अकरा आठवड्यांचं होतं. गेल्या तीन आठवड्यांत त्याचं वजन फक्त एकशेवीस ग्रॅमनं वाढलं होतं. नर्सनं त्याला उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. आकडा तोच.

"याच्या चौपट तरी हवं होतं. दिवसात किती लंगोट ओले होतात?"

"तीन. कधी चार."

"आणि तुम्ही काय खाता?"

आईनं सांगितलं. सकाळी दोन अंडी, दुपारी काकडी, रात्री चिकनचा तुकडा आणि पालेभाजी. भात, पाव, बटाटा, फळं सगळं सात आठवडे बंद. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हेही सांगितलं.

"हे कुणाच्या सल्ल्यानं?"

"जावेच्या. तिचं सात किलो उतरलं."

"ती अंगावर पाजत होती?"

"तिची मुलगी कॉलेजात आहे."

नर्सनं पेन खाली ठेवलं. "वजन उतरेल, पण सावकाश. दूध काही हवेतून तयार होत नाही, बाई. आज रक्त तपासून जा, दोन्ही वेळा पोटभर जेवा, दर दोन तासांनी पाजा. गुरुवारी पुन्हा बघू. नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करू."

घाई कारखान्याची होती. कपड्यांच्या कारखान्यात ती नमुन्याची बाई होती. प्रत्येक नवा कपडा आधी तिच्या अंगावर चढायचा, मास्तर टाचण्या लावायचे आणि मग हजारांनी कापला जायचा. तीन महिन्यांनी परत ये, पण कंबर अठ्ठावीस हवी, असं ठरलं होतं. नवरा तिथेच कटर. दर रविवारी तो टेप घेऊन समोर उभा राहायचा. "पोट आत ओढू नकोस. चालणार नाही." बत्तीस, एकतीस, साडेतीस.

घरी येऊन तिनं सासूच्या पुढ्यात बाळाचं झबलं टाकलं आणि नर्स काय म्हणाली ते दोघांनाही सांगितलं. सासूची तीस वर्षं शिलाई मशीनवर गेली होती. बाळ वाढेल तसं उसवून मोठं करता यावं, म्हणून तिनं प्रत्येक झबल्याला चुण्या घातल्या होत्या. एकही उसवावी लागली नव्हती. उलट पंधरा दिवसांपूर्वी झबली ढगळ होतात म्हणून तिनं बाजूच्या शिवणी आत घेतल्या होत्या. माझाच हात ढिला झाला, मापं मोठी घेतली, असं म्हणाली होती. घरात शिवणकाम जाणणारी तीन माणसं, आणि झबलं बरोबर असून पोर लहान आहे हे एकालाही सुचलं नव्हतं.

"अगं, बापावर गेलंय. नाजूक अंगाचं आहे," सासू म्हणाली.

"आई, याला भूक लागलीय. नाजूक नाहीये ते."

नवरा टेपची गुंडाळी करत होता. "अडीच इंच तर राहिलेत. दोन आठवडे वरचं दूध देऊ, मग खा काय खायचं ते."

"बाळाला लागलं तर वरचं दूध देईन. तुझ्या मास्तरांना लागतं म्हणून देणार नाही."

"आणि नोकरी?"

"मास्तरांशी मी बोलेन. तू टेप ठेव खाली. परत माझ्या कमरेला लावलास तर बघ."

तिनं भात टाकला, बटाटे उकडले आणि ओट्यापाशी उभ्यानंच जेवली. इतका राग आला होता की दोनदा ठसका लागला. सासूनं पाण्याचा पेला पुढे केला आणि झबल्याची शिवण उसवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन कारखान्यात गेली. मास्तरांनी सवयीनं टेप टाकला.

"साडेतीस. काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं तेव्हा हे जन्मलं नव्हतं."

"उद्या गिऱ्हाईक येतंय गं. माप काय माझ्या हातात आहे?"

"मग अठ्ठावीसवाली दुसरी बघा. मला शिलाईला बसवा."

"तिथे पगार कमी."

"माहीत आहे."

"आणि तू सारखी पाजायला उठणार. लाईन अडते."

"अडू दे."

इतक्यात बाळ जागं होऊन रडायला लागलं. मशीनवरच्या बायका मान वर करून बघू लागल्या. मास्तर बाहेरच्या बाकाकडे हात करत होते. ती त्यांच्यासमोरून ट्रायल रूममध्ये गेली, स्टुलावरचे नमुने बाजूला केले आणि आतून कडी घातली.

"अगं, मला ती खोली लागतेय!" मास्तरांनी दार ठोठावलं. "किती वेळ?"

"त्याचं पोट भरेपर्यंत."

दार पुन्हा वाजलं. तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.