दुपारी चढणारा आकडा

मित्रांनो, मी एक जुना रेडॉनमापक आहे. जेवणाच्या डब्याएवढा, कोपऱ्यात टवका उडालेला. आज मात्र मला कधी एकदा बोलतोय असं झालं आहे, कारण माझ्या सगळ्यात मोठ्या पराक्रमाची गोष्ट सांगायची आहे.

रेडॉन हा जमिनीतून येणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून तो चोरपावलांनी तळघरात शिरतो आणि कोंडलेल्या हवेत साठतो. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. माणसांच्या नाकाला तो कळत नाही, मला कळतो. दर तासाला मी आकडा टिपून ठेवतो. बँकांची तळघरं, पंपघरं, बोगदे, सगळीकडे मी बसून आलो आहे. बसून राहण्यात मी भलता पटाईत आहे.

एकदा मोजणीवाल्या ताईंनी मला तळघरातल्या एका वाद्यदुरुस्तीच्या कारखान्यात ठेवलं. तिथले काका तीस वर्षं व्हायोलिनं आणि गिटारी दुरुस्त करत होते. त्यांची लेक नुकतीच शेजारच्या टेबलावर दिवसभर कामाला बसू लागली होती. माझा आकडा गेला नऊशेवर! तो तीनशेच्या आत हवा होता. काकांनी ताईंना बजावलं, "माझं राहू द्या, पण पोरीला धोका नको." लगेच बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा बसला.

तरी सरासरी तीनशेच्या आत येईना. काका वैतागले. डबडं म्हातारं झालंय, भंगारात द्या, म्हणाले. मित्रांनो, मला ते फार लागलं.

ताईंनी माझ्या तासातासाच्या नोंदी कागदावर काढल्या. दुपारी एकला आकडा दीडशे. दोननंतर चढायला लागे, संध्याकाळी आठशे, आणि सकाळपर्यंत तसाच. रोज हाच प्रकार. चोर सापडणार म्हणून मी अगदी अधीर झालो. दुपारी इथे काय होतं, असं ताईंनी विचारलं.

लेक काम करता करता म्हणाली, "दुपारी बाबा सूर लावतात. पंख्याची घरघर असली की तार नीट ऐकू येत नाही, म्हणून ते तो बंद करतात. मग सकाळीच लागतो."

काकांचा हात व्हायोलिनच्या खुंटीवरच थांबला. लेकीकडे बघत ते हळूच म्हणाले, "म्हणजे पोरी, रोज मीच..." मी खरा ठरलो होतो, पण त्या क्षणी मला आनंद झाला नाही.

मग फरशीच्या भेगा बुजवल्या. फरशीखालून एक पाइप थेट गच्चीवर नेला आणि त्याच्या टोकाला नवा पंखा बसवला. वायू आता परस्पर वर जातो, घरघर ऐकतात ते फक्त कावळे. आकडा पंचाऐंशीवर आला तेव्हा मात्र मला नाचावंसं वाटलं. पाय नाहीत म्हणून राहिलं.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र दिसलं तर त्याला कपाटात कोंडू नका, खिडकीतही ठेवू नका. आकडा आवडला नाही म्हणून त्याच्यावर चिडू नका. आधी आपला हात कुठल्या बटणावर गेला होता ते बघा.

काकांनी मला कायमचं ठेवून घेतलं आहे. दुपारी व्हायोलिन हातात घेतलं की ते लेकीकडे बघतात, मग माझ्याकडे. "काय म्हणतोयस, म्हाताऱ्या?" असं विचारतात. मी आकडा दाखवतो, आणि मगच पहिली तार वाजते.