नाव गिळलेली रेघ

मी एक रेघ बोलतेय. हिरवी, बारीक, अंगावर चार ठिपके. जामखेडात खत-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर बजरंगचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, एका गाण्याच्या पोटाशी माझा जन्म झाला. शिकलेले लोक मला ऑटोमेशन म्हणतात, बजरंग नुसतं रेघ म्हणतो.

काम सोपं. मी वर चढले की आवाज वाढतो, खाली उतरले की बारीक होतो, तळाला टेकले की गप्पगार. एकदा आखून ठेवा, दर वेळी त्याच सेकंदाला मी तेच करणार. खोटं बोलत असेन तर माझे ठिपके झडोत, पण आमच्या खानदानातल्या एका रेघेनं खालच्या रस्त्यावरून चाललेली अख्खी वरात गिळली होती, घोड्यासकट! गाण्यात टापेचा आवाजसुद्धा उरला नाही.

माझा एक चुलतभाऊ आहे, मॉड्युलेशन. त्याला ठिपके लागत नाहीत. एकदा हलवून सोडला की जत्रेतल्या पाळण्यासारखा आपला वर-खाली, वर-खाली. कीबोर्डच्या सुराला थरथर आणतो आणि लोकांकडून वाहवा घेतो. मला मात्र कुणी ओळखत नाही. चांगल्या रेघेचं लक्षणच ते. ती आहे हे कुणाला कळता कामा नये. या गोष्टीचा मला फार गर्व होता.

भाद्रपदात भागूबाई गायला आली. पन्नाशीची बाई, दर साली ऊसतोडीला जाणारी. फडात तिनं रचलेली गाणी चार तालुक्यांत गेली, पण ती गाणाऱ्यांनी आपापली म्हणून गायली. या वर्षी गावच्या नवरात्राला देवीचं गाणं तिच्याच आवाजात वाजणार होतं, आणि शेवटच्या ओळीत ती स्वतःचं नाव घालणार होती.

"आजवर उखान्यात नवऱ्याचंच नाव घेतलं," ती म्हणाली. "ह्या टायमाला माजं घेते. देवी काय रागावती का?"

"घ्या मावशी, दनकून घ्या," बजरंग म्हणाला.

तिनं घेतलं.

*उसाच्या गं पाचटात, फिरले मी गावोगाव,*
*भागूबाई बोलते गं, देवी ऐक माझं नाव.*

ओळ संपली, ढोलकी एकटी वाजू लागली, आणि तिनं नाव घेतल्यापासून अकराव्या सेकंदाला खालून एसटीचा हॉर्न भागूबाईच्या माईकमध्ये शिरला. बजरंगनं मला तिथं तळाला ओढलं. हॉर्न गायब. भागूबाई तेव्हा गप्पच होती, त्यामुळे कुणाचं काही गेलं नाही. माझ्या आयुष्यातलं हे एवढंच एक स्वच्छ काम.

दुसऱ्या दिवशी नवरात्र मंडळाचे अध्यक्ष आसारामभाऊ आले. "गान्याच्या आधी मंडळाचं नाव, माजं नाव, भाविकांचं स्वागत, आसं जोरात पायजे." ते बोलले, भरले बरोबर अकरा सेकंद. बजरंगनं पुढं जागा करायला अख्खं गाणं धरून अकरा सेकंद मागं सरकवलं. गाणं सरकलं. मला कुणी बरोबर घेतलं नाही. मी होते तिथंच राहिले, आणि माझ्या खड्ड्यावर आता हॉर्न नव्हता. भागूबाईचं नाव होतं.

मला दिसत होतं. पण रेघेनं काय करावं? हाक मारायला तोंड नाही. बजरंगनं शेवटापर्यंत ऐकलं नाही, घाईत फाईल पाठवून दिली.

घटस्थापनेच्या सकाळी देवळावरच्या कर्ण्यांतून गाणं वाजलं. भागूबाई नवं लुगडं नेसून बायकांत उभी होती. शेवटचं कडवं आलं. "उसाच्या गं पाचटात, फिरले मी गावोगाव," आणि पुढं नुसती ढोलकी. थोड्या वेळानं, पोंऽऽ पोंऽऽ!

"भागे, तुज्या नावाची एष्टी आली बग!" एक जण म्हणाली. सगळ्या बायका हसल्या.

दुपारी ती माडी चढून आली. आसारामभाऊ तिथंच चहा पीत बसले होते. बजरंगनं फाईल उघडली, मला पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. त्याला कळलं होतं. त्यानं एकदा आसारामभाऊंकडं पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, शेवटाला तुमीच तोंड फिरवलं माईकपासून."

"म्या?"

"व्हय. आवाजच आला न्हाई."

आसारामभाऊ हसले. "सवय नसती बायांना."

"म्हंजी देवीनंच आडवलं," एवढं म्हणून भागूबाई जिना उतरली. ती गेल्यावर बजरंगनं नवी प्रत काढून त्यात मला योग्य जागी नेलं. ती प्रत कुणालाच पाठवली नाही. दसऱ्यानंतर भागूबाई कोपरगावकडं तोडीला गेली.

काल त्यानं तिला फोन लावला, स्पीकरवर. चंपाषष्ठीला एक गाणं हवं होतं.

"म्या गानं सोडलं, बजरंगा. ज्या तोंडातून आपलं नाव निगंना, त्यानं काय गावं?"

बजरंग माऊस चोळत बसला. मग एका दमात बोलून गेला. "मावशी, तुमी घेतलं हुतं नाव. दनकून. माज्या हातानं गेलं. मला त्याच दिशी कळलं हुतं."

पलीकडं कोयत्यांचा आवाज चालू होता. मग ती ओरडली, आमच्यावर नव्हे, फडातल्या बायकांवर, "अगं सुकन्या, ऐकलं का? म्या घेतलं हुतं!"

बजरंगला वाटलं, सुटलो.

"आन् तू," ती म्हणाली, "आसारामसमोर मला खोटं पाडलंस. आता त्याच्यासमोरच खरं बोल. मग गान्याचं बगू."

आज सकाळी त्यानं आसारामभाऊंना बोलावलंय. पडद्यावर जुनी, चुकीची प्रत उघडलीय. मी पुन्हा त्याच खड्ड्यात, तिच्या नावावर पडले आहे. जिन्यात चपला वाजतायत. बजरंगचा हात माऊसवर आहे, पण त्यानं ती प्रत बंद केलेली नाही.

वाचकहो, कुणाचं गाणं सरकवाल तेव्हा मलाही बरोबर न्या, एवढीच विनंती. आता निरोप द्या. जन्मभर मी दिसू नये म्हणून झटले. आज बजरंगनं माझ्यावर बोट ठेवावं, आणि आसारामभाऊंनी चष्मा लावून मला नीट पाहावं.

दार उघडलं.

"भाऊ, बसा," बजरंग म्हणतोय. "ही रेघ बगा."