लाल रेष डोक्यावर, हिरवी रेष गुडघ्याशी

मित्रांनो, मी एक जुना आलेख कागद आहे. फिकट केशरी चौकटींचा, चार तुकडे एकावर एक जोडून केलेला. एका कपाटाच्या दाराला मी आतल्या बाजूने चिकटवलेला आहे, त्यामुळे दार उघडल्याशिवाय कुणाला दिसत नाही. माझ्या अंगावरची शाई फिकी झाली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. पण एका रविवारी मला जो धक्का बसला, तो मात्र अजून ताजा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मोठ्या गुंडाळीतून मला कापले आणि इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयात पाठवले. तिथे माझे मालक काम करत. मालकांचा हात इतका नेमका होता की त्यांनी ओढलेली रेष कुणी पट्टी लावून तपासत नसे. एकदा मोठ्या नकाशातून उरलेला मी केराच्या टोपलीत जाणार होतो. मालकांनी मला उचलले, सुरळी केली आणि घरी आणले.

तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या साडूंनी नुकतेच शेअर घेतले होते. साडू म्हणजे मालकिणीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे चिमुकले दुकान होते. दोघांनीही वीस वीस हजार घातले होते. कुणाचे जास्त वाढतात ते बघायचे, असे ठरले. मालकांनी मला कपाटात चिकटवले. एक सेंटिमीटर म्हणजे दोन हजार. मालकांची रेष लाल, साडूंची हिरवी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी आपापल्या शेअरची त्या दिवशीची किंमत सांगायची, टिंब द्यायचे आणि रेष पुढे न्यायची. जो मागे पडेल त्याने स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांचा चहा करायचा.

पहिल्या महिन्यातच लाल रेष वर गेली आणि चहा साडूंनी केला. पुढच्या महिन्यातही तेच झाले. त्याच्या पुढेही तेच.

मालक उद्योगी माणूस. आज हा शेअर विकायचा, उद्या तो घ्यायचा, कार्यालयात कुणी कानात काही सांगितले की तिसराच घ्यायचा. साडूंनी मात्र एकदा जे घेतले ते घेतले. विकायला त्यांना सवड नव्हती आणि आणखी घ्यायला पैसे नव्हते. मालकांनी त्यांचे नाव थंडोबा ठेवले.

"या थंडोबा, वाका," मालक म्हणत. कारण हिरवी रेष माझ्या अगदी तळाशी होती. टिंब देताना साडूंना गुडघे टेकावे लागत.

"वाकतो हो. सवय आहे मला. घड्याळात डोकं घालूनच बसतो दिवसभर," साडू म्हणत.

आणि मालक? दोन-तीन वर्षांत लाल रेष माझी वरची कड ओलांडू लागली. मालकांनी आणखी एक कागद आणला आणि माझ्या डोक्यावर जोडला. मग तिसरा, मग चौथा. शेवटी त्यांना टिंब द्यायला स्टुलावर चढावे लागे. मला फार अभिमान वाटे. घरी कोणी आले की मालक कपाट उघडत. पाहुणे तोंडात बोट घालत. "वीस हजारांचे चार लाख! वीसपट!" मी दारावर ताठ उभा राहायचो. तळाशी वाकलेल्या थंडोबांना मीही मनातल्या मनात हसलो आहे. आज ते सांगताना लाज वाटते.

माझ्या सगळ्यांत खालच्या कडेला बारीक निळ्या टिंबांची एक ओळ होती. नकाशावाल्या माणसाची टापटीप, दुसरे काय! दर महिन्याला एक टिंब. त्या टिंबांकडे कुणी पाहत नसे. खरे सांगायचे तर मीही पाहिले नाही. मान वर करून लाल रेष पाहण्यातच माझी चौदा वर्षे गेली.

आणि मग तो रविवार आला.

मालकांच्या मोठ्या बहिणीचे, ताईंचे, शिवणकामाचे दुकान होते. यजमान गेल्यानंतर तीस वर्षे त्यांनी एकटीने ते चालवले. आता डोळे साथ देईनात, म्हणून त्यांनी यंत्रे आणि जागा विकली. सहा लाख आले. त्यांच्या उरलेल्या आयुष्याला तेवढाच आधार होता.

"सगळं माझ्याकडे दे ताई. काय करायचं ते मी बघतो," मालक म्हणाले आणि त्यांनी कपाटाचे दार उघडले. "ही बघ रेष!"

ताईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. त्यांच्या मांडीवर सहा लाखांचा चेक होता. पेनाचे झाकण निघाले होते. फक्त सही बाकी होती. आत स्वयंपाकघरात साडू नेहमीप्रमाणे चहा उकळत होते.

"रेष झकास आहे रे," ताई म्हणाल्या. "पण खाली ही निळी टिंबं कसली?"

"ती होय? दर महिन्याला मी पगारातून दोन हजार घालतो ना, त्याची नोंद."

"घालतोस म्हणजे? वरून?"

"हो."

"आणि तेही या लाल रेषेत धरलेत?"

"धरणारच ना. पैसे आहेत ते, कुठे पळून गेलेत?"

ताई जमिनीवर बसल्या आणि शिंप्याच्या सवयीने बोट ठेवत टिंबे मोजू लागल्या. एकशे अडुसष्ट भरली. मग त्यांनी पिशवीतून टेप काढली. मित्रांनो, चौदा वर्षांत मला पट्टी खूप लागली होती, पण असे माप कुणी घेतले नव्हते.

"एका टिंबाचा एक सेंटिमीटर. एकशे अडुसष्ट. आणि सुरुवातीचे वीस हजार, म्हणजे दहा. एकशे अठ्ठ्याहत्तर." त्यांनी स्टुलावर चढून टेप दोनदा लावली आणि खडूने माझ्या छातीच्याही वर एक आडवी खूण केली. "इथपर्यंत तुझा स्वतःचा कपडा. कमाई काय ती याच्यावर."

खुणेपासून लाल टोकापर्यंत त्यांनी हाताचा पंजा ताणून ठेवला. अंगठा खुणेवर टेकला आणि करंगळी टोकावर.

"बावीस. वीतभर."

"काहीतरी चुकतंय तुझं," मालक म्हणाले. पण त्यांचा आवाज त्यांचा वाटेना.

"फ्रॉकला दर वर्षी खाली पट्टी जोडायची आणि फ्रॉक आपोआप वाढला म्हणून मिरवायचं, तसं झालंय हे. आणि ही हिरवी कुणाची?"

"थंडोबाची. त्यांनी पुढे काही घातलंच नाही."

ताई स्टुलावरून उतरल्या, टेपही खाली आली. "दहावरून चाळीस. तीस सेंटिमीटर."

मालक स्टुलावर बसले. मला वाटले, माझा डिंक सुटणार आणि मी तिथेच खाली घसरणार. तीस आणि बावीस! सगळे माझ्याच अंगावर लिहिलेले होते. टिंबे माझ्या पायाशी होती, रेष माझ्या डोक्यावर होती आणि दोन्ही एकत्र कधी कुणी वाचलेच नव्हते!

दारात साडू ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. ते हसले नाहीत. हिरव्या रेषेकडे पाहून ते हळूच म्हणाले, "मग साडूभाऊ, चौदा वर्षं चहा मी का केला?"

साडूंच्या मागून मालकीण बोलल्या. त्या सहसा या गोष्टीत बोलत नसत.

"अहो, वर्षातून दोनदा तरी म्हणायची मी, एका महिन्याचे दोन हजार द्या, दाढा बसवून घेते. तुम्ही म्हणायचात, रेष मोडेल." त्यांनी गालाला हात लावला. "मी इतकी वर्षं एकाच बाजूने चावतेय."

त्या एका वाक्याने मालकांना जो धक्का बसला, तो ताईंच्या टेपनेही बसला नव्हता.

ताईंच्या हातात पेन तसेच उघडे होते. त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिले. "बोल, देऊ का? तू म्हणशील तर अजूनही देते. माणूस तू माझाच आहेस."

मालकांना नुसते "दे" म्हणायचे होते. अब्रू वाचली असती. पाहुण्यांसमोर कपाट पुन्हा उघडता आले असते.

"पेनाला झाकण लाव, ताई," मालक म्हणाले. "बँकेत ठेव. आणि मला विचारायला येऊ नकोस, निदान काही दिवस."

झाकण टक् असे वाजले. इतका मोठा आवाज त्या कपाटात मी पुन्हा ऐकला नाही.

पुढच्या महिन्यात निळे टिंब पडले नाही. ते दोन हजार दातांच्या डॉक्टरकडे गेले. पहिल्या रविवारी साडू आले तेव्हा मालक स्वयंपाकघरात होते. चहा त्यांनी केला. साडूंनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"साखर?"

"राहिली वाटतं. आणतो."

"बसा हो. वरून घालू नका काही," साडू म्हणाले. मग मात्र सगळे हसले. मालकीणही हसल्या, तोंड उघडून.

त्या दिवशी मालकांनी लाल रेष आणखी ओढली नाही. घातलेले पैसे बाजूला काढून त्यांनी माझ्या तळाशी नवी रेष सुरू केली, हिरव्या रेषेच्याही खाली. आता टिंब द्यायला दोघे साडू शेजारी शेजारी गुडघे टेकतात आणि कधी कधी त्यांची डोकी एकमेकांवर आपटतात. स्टूल मालकिणीने खिडकीशी नेले आहे.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. मला फाडू नका, एवढीच विनंती करणार होतो, पण त्याहून महत्त्वाची एक आहे. उद्या तुम्हीही कधी तुमच्या वाढीची रेष काढाल आणि दुसऱ्याच्या रेषेशेजारी ठेवून पाहाल. जरूर पाहा. पण मान वर करण्याआधी खाली वाका आणि पायाशी असलेली बारीक टिंबे मोजा. त्यातले एखादे कुणाच्या तरी दाढेचे असते.