बाबांच्या हातून गेलेलं पुस्तक

प्रश्न. टेबल म्हणजे काय?

संगणकात माहिती साठवायच्या ओळी आणि रकाने. बाहेरच्या खोलीतलं टेबल मात्र लाकडी. त्यावर सासऱ्यांचा चष्मा, औषधं आणि मुलाखतीच्या तयारीचं पुस्तक. छाटणीत जावयाची नोकरी गेल्यापासून तो आणि त्याची बायको याच खोलीत झोपतात, सासरे टीव्ही बंद करून आत गेले की. ज्या नोकरीची मुलाखत आहे ती लागली तर भाड्याने दोन खोल्या घेता येतील. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची जागा.

प्रश्न. प्रायमरी की म्हणजे काय?

"प्रत्येक ओळ वेगळी ओळखता यावी म्हणून..."

"'प्रत्येक नोंद'," सासरे म्हणाले. "पुस्तकात ओळ नाहीये."

"एकच ना, बाबा."

"जावईबापू, उभं आयुष्य मी छापखान्यात मुद्रितं तपासली. एकच असतं तर मला पगार कशाला दिला असता?"

हे पुस्तकही त्यांनीच तपासलेलं. पहिल्या पानामागे बारीक अक्षरात त्यांचं नाव आहे. आल्यागेल्याला ते उघडून दाखवतात. संगणक त्यांनी कधी सुरू केलेला नाही.

प्रश्न. व्हेअर आणि हॅविंग यांत फरक काय?

खरं उत्तर: गट पाडण्याआधी नको त्या नोंदी गाळतो तो व्हेअर. गट पाडल्यावर नको ते गट गाळतो तो हॅविंग.

पुस्तकातलं उत्तर: नेमकं उलट.

पहिल्या संध्याकाळी जावयाने खरं उत्तर दिलं. सासऱ्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "चूक. परत."

नंतर स्वयंपाकघरात बायको हळूच म्हणाली, "उलटं छापलंय ना?"

"हो."

"सांगू नकोस त्यांना. त्या पुस्तकाशिवाय त्यांच्याकडे दाखवायला आहे काय?"

"आणि मी तिथे काय सांगू?"

"तिथे खरं सांग, इथे त्यांचं. एवढं जमेल की तुला."

जमलं. रोज संध्याकाळी तो उलटं सांगत गेला आणि सासरे मान डोलवत राहिले.

तोच प्रश्न. मुलाखतीच्या काचेच्या खोलीत.

समोरच्या बाईंचं विचारून होतंय तोवर उत्तर त्याच्या तोंडातून बाहेर पडलं होतं. घोटलेलं, स्वल्पविरामासकट.

"नक्की?" त्या म्हणाल्या. "घाई नाही. विचार करा."

त्याने विचार केला. डोळ्यांसमोर ओळीवर ठेवलेलं बोट आलं. खरं कोणतं आणि घरचं कोणतं, तेच उमगेना.

"नक्की," तो म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

प्रश्न. कुठे अडलं?

सासरे दारातच उभे होते. बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि पाणी आणायला आत गेली.

"दोन टेबलं जोडायचं ते जॉइन विचारलं, बाबा. गडबडलो."

"तरी म्हणत होतो, जॉइन कच्चं आहे तुमचं." त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं. "व्हेअर-हॅविंग विचारलं?"

"विचारलं."

"ते बरोबर सांगितलंत ना?"

"अगदी पुस्तकाप्रमाणे."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. चष्मा लावून त्यांनी जॉइनचं पान काढलं. "बसा. पुढची जागा निघेल तेव्हा तयारी हवी."

तो बसला. बायकोने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि बाबा आत जाण्याची वाट बघत, गुंडाळलेल्या गादीला टेकून उभी राहिली.