कथलाचे छर्रे

सेव्हर्न नदीकाठच्या त्या गावात दर गुरुवारी पबच्या मागच्या खोलीत हवाई बंदुकांनी नेमबाजी चाले. लोखंडी पत्र्याला बोट जाईल एवढं भोक आणि त्यामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजे. क्लिफर्ड ट्रँटरने उभी हयात ती घंटा वाजवण्यात घालवली होती. संसार उरलेल्या वारी. शिंपी टाचण्या धरतो तसे तो शिशाचे छर्रे ओठांत धरून ठेवायचा.

क्लबचे अध्यक्ष डेसमंड पर्सलो बँकेतून निवृत्त झाले होते, आणि रिकाम्या माणसाला पृथ्वीची काळजी फार. त्यांनी एका गुरुवारी जाहीर केलं, "शिसं विषारी आहे. पक्षी मरतात. आजपासून आपल्या क्लबात फक्त कथलाचे छर्रे."

"पण डेसमंड, या खोलीत कुठला पक्षी येतो?" क्लिफर्डने विचारलं.

"प्रश्न तत्त्वाचा आहे, क्लिफ."

तत्त्वाचा म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले आणि बिअर मागवली.

घरी क्लिफर्डच्या बायकोला, बेरिलला, आनंद झाला. "बरंच झालं. इतकी वर्षं शिसं चघळून तुझं डोकं असं झालंय."

"असं म्हणजे कसं?"

"बघ, तुला कळतसुद्धा नाही."

क्लिफर्डने परसात नवे छर्रे मारून पाहिले. ते हलके आणि कडक होते. नळीत बसवताना अंगठा लाल व्हायचा, चाप ओढला की स्प्रिंग दार आपटावं तशी आदळायची, आणि छर्रा निशाण सोडून बेरिलच्या घेवड्यात शिरायचा.

नव्या छर्र्यांच्या उद्घाटनाला डेसमंडनी वर्तमानपत्राच्या बाईंना बोलावलं. बातमीत आकडा असावा म्हणून छर्र्याचा वेग मोजायचं यंत्रही आणवलं. ते ग्विलिम प्रोबर्टने मांडलं. ग्विलिम निवृत्त पोलीस हवालदार होता.

टाय लावलेल्या डेसमंडनी पहिला बार काढला. घंटा वाजली नाही. ग्विलिमने यंत्राकडे पाहिलं, गणित मांडलं, आणि चष्मा पुसून पुन्हा मांडलं.

"डेसमंड, बंदूक खाली ठेव."

"का रे?"

"छर्रा हलका, म्हणून जोर वाढलाय. तुझी बंदूक कायद्याच्या मर्यादेबाहेर गेली. आता तिला परवाना लागतो. नसेल तर तुरुंग."

"मूर्खपणा आहे. शिशाने तर मर्यादेत होती."

"शिसं तूच बंद केलंस."

मग प्रत्येकाची बंदूक मोजली. एकेक करून सगळ्याच हद्दीपार निघाल्या. बाई खाली मान घालून भराभर लिहीत होत्या.

"म्हणजे या खोलीत आत्ता..." डेसमंडनी टाय सैल केला.

"सगळे गुन्हेगार आहेत," ग्विलिम म्हणाला. "मी धरून."

शेवटी क्लिफर्डची पाळी आली. त्याने बंदुकीची स्प्रिंग कधी बदललीच नव्हती. दरवर्षी बदलू म्हणायचा आणि राहून जायचं. ती इतकी दमलेली होती की कथलाचा छर्रासुद्धा तिच्या हातून मुकाट मर्यादेत राहिला. खोलीत तो एकटाच कायद्याने वागणारा नागरिक ठरला. आपल्या आळसाचा त्याला जन्मात पहिल्यांदा अभिमान वाटला.

बाकीच्यांनी जोर कमी करायला स्प्रिंगा कापून घेतल्या. डेसमंडनी भीतीपोटी एवढी कापवली की त्यांचा छर्रा पत्र्याला टेकून खाली पडायचा. क्लिफर्डचा छर्रा नेहमी डावीकडे जायचा. तो उजवीकडे नेम धरायला शिकला आणि मोसमाअखेर चषक घेऊन गेला.

वार्षिक जेवणाला पर्यावरणाच्या कार्याबद्दल जिल्ह्याचं मानपत्र मात्र डेसमंडना मिळालं. ताटातलं जेवण थंड झालं तरी त्यांचं भाषण संपेना. मग क्लिफर्डला दोन शब्द बोलायला उभं केलं.

"छर्रा हलका आहे," तो म्हणाला. "सवय होते."

आणि तो खाली बसून जेवू लागला. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या डेसमंडनी वाजवल्या, कारण वर्तमानपत्राचा फोटोवाला अजून तिथेच होता.